मुठीतलं जड

काराकोल, ९ जानेवारी

‘रानदवणा’ या टोपणनावानं हस्तलिखित पाठवणाऱ्या लेखकास,

सलाम.

तुमचं खरं नाव बिश्केकला प्रकाशकाच्या कपाटात, बंद पाकिटात आहे. माझंही नाव तुम्हाला कुणी सांगणार नाही. स्पर्धेचा तसा नियम आहे. दोन वाचकांनी तुमची कादंबरी वाचली. एक म्हणाला छापा, दुसरा म्हणाला परत पाठवा. मी तिसरा. यंदा एकच पुस्तक निघणार, आणि तुमच्यासमोर कुणा इतिहासाच्या मास्तरांची जाडजूड कादंबरी उभी आहे. म्हणजे माझ्या एका मतावर तुमचं पुस्तक तरणार किंवा बुडणार. हे ओझं मी मागून घेतलेलं नाही. अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे, सगळी हयात दुसऱ्यांच्या वाक्यांतले खडे वेचण्यात गेली, आता डोळे दुखतात. मी टिपणं पाठवायची, तुम्ही दुरुस्त्या करायच्या, मग मी एका पानाची शिफारस लिहायची, असं ऑफिसातल्या झामिरानं फोनवर सांगितलं. नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून हो म्हटलं.

आधी चांगलं सांगतो, कारण पुढं माझा सूर बिघडेल. तुमचे डोंगर खरे आहेत. उन्हाळी कुरणावर पहाटे घोडीचं दूध काढताना बोटं कशी बधिर होतात, लोकरीच्या ओल्या नमद्याचा वास नाकात कसा बसतो, हे नुसतं ऐकून लिहिता येत नाही. जादूगारांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, तरी तुमची जादू पटली. तुमचे दोन्ही जादूगार हात हलवून आकाश फाडत नाहीत. मेंढीच्या पोटातून निघालेली ती वस्तू ओढ्यात बुडवून धरायची, बोटं गोठेपर्यंत धरायची, तेव्हा कुठं एक ढग येतो. आणि जो ढग ओढून आणतो त्याची एक आठवण कायमची पुसली जाते. तुमच्याकडे पाऊस फुकट मिळत नाही. हे मला फार आवडलं.

आता कमतरता. थोरल्या जादूगाराला नावच नाही. धाकट्या जादूगारणीला नाव आहे, तिच्या कुत्र्यालाही आहे, आणि ज्याच्या जिवावर अर्धी कादंबरी चालते तो नुसता ‘खिंडीपलीकडचा’. वाचकानं राग धरायचा कुणावर? मग ते भांडण. दोघांचा गुरू मरतो, मागं त्याचा शेवटचा ढग उरतो, आणि त्या एका ढगासाठी दोघं हमरीतुमरीवर येतात. इथवर ठीक. पण थोरला ढग ओढून नेतो आणि धाकटी त्याच्यामागं एक पाऊलही टाकत नाही. का, तर तिच्या कोटाखाली आजारी कोकरू आहे. एका कोकरासाठी! अडीचशे पानं आम्ही काय त्यासाठी वाचली?

सगळ्यात मोठी कमतरता भाषेची. मेंढीच्या पोटातून निघतो तो दगड. साधा, मुठीत मावणारा दगड. पण अख्ख्या पुस्तकात तुम्ही त्याला एकदाही दगड म्हटलेलं नाही. कधी ‘मुठीतलं जड’, कधी ‘ते कठीण’, कधी ‘ओढ्यातलं गोल’. मला आधी वाटलं, जादूची वस्तू आहे, गूढ वाटावी म्हणून असेल. पण मग घोड्याच्या टापेखालूनही ‘कठीण’ निसटायला लागलं, आणि चुलीला तीन ‘कठीण’ लावलेली निघाली, तेव्हा मी पेन खाली ठेवलं. तसंच, तुमच्या पुस्तकात कुणी थांबतही नाही. घोडे ‘चालणं सोडतात’. वारा ‘पुढं जाईनासा होतो’. ‘थांबणे’ हे क्रियापद तुमच्याकडून कुणी काढून घेतलं आहे का? हा नखरा आहे. शहरातल्या लेखकांना अशा नखऱ्यांची हौस असते. दगडाला दगड म्हणा, बाकीचं मी सांभाळून घेईन. नाही म्हटलंत, तर शिफारस लिहिणं अवघड आहे.

सुनेनं आणून ठेवलेला चहा निवतोय. थांबतो. बघा, किती सोपं आहे.

तिसरा वाचक

•

काराकोल, ३ फेब्रुवारी

‘रानदवणा’ यांस,

सलाम.

दुरुस्त पानं मिळाली. मेहनत दिसते. चिठ्ठीही मिळाली, दोन ओळींची: ‘बाकी जमेल ते बदललं. ते दोन शब्द आणि त्या माणसाचं नाव मला लिहिता येणार नाही. माफ करा.’

लिहिता येणार नाही म्हणजे काय? हात दुखतो? मी असे लेखक पाहिलेत ज्यांना आपलं एक वाक्यही कापलेलं खपत नाही. पण शब्द घालायला सांगितला तर अंगावर काटा येणारा लेखक पहिल्यांदाच पाहतोय. माफी कशाची मागता? मला माफी नको, दगड हवा.

कोकरू तुम्ही तसंच ठेवलंत. उलट त्याला आणखी अर्धं पान दिलंत. म्हणून जरा घरातलं सांगतो, त्याशिवाय तुम्हाला माझं म्हणणं पटायचं नाही. अशी ओढाताण मी पाहिलेली आहे. ती ढगासाठी नव्हती, माणसासाठी होती. अकरा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ बिश्केकला वारला. एकोणपन्नासावं चालू होतं, छातीत कळ आली आणि संपलं. त्याच्या बायकोनं तिथंच, इमारतींच्या मधल्या अंगणात, रीतीप्रमाणं नमद्याचा तंबू, युर्त, उभारून त्याला आत ठेवलं होतं. मी गावाकडची माणसं घेऊन गेलो. त्याची माती आमच्या गावची, बापाशेजारची. शहराच्या कबरस्तानात अनोळखी लोकांमध्ये त्याला टाकून येणं आम्हाला मंजूर नव्हतं. तिच्या माहेरचे आडवे आले. म्हणाले, बायको-मुलगी इथं, तर माणूसही इथंच. शब्दानं शब्द वाढला. पुरुषांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. शेवटी आम्ही त्याला गाडीत घातलं आणि बोओमच्या घाटातून घरी आणलं. थोरल्या भावानं करायला हवं ते मी केलं. भावजयीला म्हटलं, चल. तिला यायचं नव्हतं. ती आली नाही. पुढं काही संबंध उरला नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की अशा वेळी माणसं किंचाळतात, अंगावर धावून येतात, हाताला लागेल ते फेकतात. तुमची धाकटी मात्र कड्याकडे तोंड करून गप्प बसते. ते खरं वाटत नाही.

एक पान मात्र सोडवत नाही. ढग खिंडीपलीकडे पोचेस्तोवर विरून जातो, त्यात तीनच थेंब उरतात, आणि थोरला ते तळहातावर झेलून चाटतो. मी ते दोनदा वाचलं. तुम्हाला त्या माणसाचा राग आलेला नाही, हे मला तिथं कळलं. का आलेला नाही, ते अजून कळलेलं नाही.

पंधरा मार्चला माझी शिफारस जायची आहे. शिफारशीच्या तळाला एक ओळ असते: ‘लेखकाशी नातं’. नातेवाइकाचं मत बाद धरतात. आजवर मी तिथं डोळे मिटून ‘नाही’ लिहीत आलो. वरचं पान कसं लिहायचं तेवढाच प्रश्न आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. दोन शब्द, बस्स.

तिसरा वाचक

•

काराकोल, २६ फेब्रुवारी

अनारकुल,

हे पत्र झामिराच्या हातून येत नाही. तुझा पत्ता सायराकडे होता. अकरा वर्षं होता, पिठाच्या डब्याखाली. मी मागितला तेव्हा तिनं काढून दिला, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

कसं कळलं ते सांगतो. परवा मटण आणलं होतं आणि सुरी बोथट निघाली. आमच्याकडे शरदात नवी सून आली आहे, मीरिम. बिश्केकची मुलगी, दिवसभर कानाला फोन. मी आतल्या खोलीत तुझीच पानं घेऊन बसलो होतो, तर स्वयंपाकघरातून ऐकू आलं, “आई, तो धार लावायचा दग—” आणि एकदम चिडीचूप. मी डोकावलो. पोरगी तोंडावर हात ठेवून लालेलाल झालेली, आणि सायरा हसून हसून ओट्याला टेकलेली.

“बोल, बोल! सासऱ्यालाच हाक मार म्हणजे झालं!”

“नाही हो आई, चुकून निघालं. ते कठीण... धार लावायचं कठीण कुठं ठेवलंय?”

“खिडकीत. आणि एवढी घाबरू नकोस. मी पहिल्या वर्षी सात वेळा चुकले होते. सासूबाई लाटणं घेऊन टपलेल्याच असायच्या.”

मी दारातून विचारलं, “सायरा, तू माझ्या नावापायी चाळीस वर्षं दगड म्हणत नाहीस?”

“अगं बाई! तुम्हाला आज कळतंय?” सायरा म्हणाली. “आणि म्हणे लोकांची पुस्तकं दुरुस्त करतात.”

न उच्चारलेला शब्द ऐकू येत नाही, अनारकुल. माझ्या घरात चाळीस वर्षं सुना तो शब्द टाळत आल्या आणि मी मात्र तुला लिहून विचारत होतो की शब्द कुठं गेला. माझं नाव ताशबोलोत. ताश म्हणजे दगड, हे तुला सांगायला नको. मलाच सांगावं लागलं. आधीची दोन मुलं गेली म्हणून आईनं माझं नाव दगडावरून ठेवलं, आणि धाकट्याला थांब म्हणाली, तोक्तोसुन. दगड टिकला. थांब म्हटलेला थांबला नाही.

मी खोलीत जाऊन सगळी पानं पुन्हा चाळली. जे दोन शब्द नाहीत, ती दोन नावं आहेत, सुनेनं तोंडात घ्यायची नसतात अशी. एक तुझ्या नवऱ्याचं, एक त्याच्या थोरल्या भावाचं. लिहिताना तिसरा वाचक कोण ते तुला ठाऊक नव्हतं. हे पुस्तक माझ्या हाती पडेल असं तुझ्या मनातही नसणार. कुणी बघत नसताना, कुणी लाटणं घेऊन टपलेलं नसताना तू सबंध पुस्तकभर आमच्या घरची सून राहिलीस. आणि मी त्याला नखरा म्हटलं.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते. तुला यायचं नव्हतं, हे खोटं आहे. तू युर्ताच्या भिंतीकडे तोंड करून बसली होतीस, मांडीवर कोट होता, कोटाखाली बेगाय होती, सहा वर्षांची, आणि तिला ताप होता. मला दिसलं होतं. तिचे ओठ सुकलेले होते. सायरा म्हणालीही होती, दोन दिवस थांबूया, पोर बरं होऊ दे, मग सगळे मिळून नेऊ. मी म्हणालो, बर्फ पडला तर घाट बंद होईल. बर्फ पडला नाही. आणि अंगणात, दोन्हीकडच्या माणसांदेखत, मी तुझ्या पाठीला म्हणालो, “गाडीत बसायचं तर आत्ता बस. नाहीतर आजपासून तू आमची कोणी नाहीस.” तू वळली नाहीस. थोरल्या दिराला उलट बोलायचं नाही, त्याचं नाव घेऊन त्याला शिव्याही द्यायच्या नाहीत. तुझ्याकडे बोलायला काय उरलं होतं? आणि मी तुला लिहिलं, की माणसं अशा वेळी किंचाळतात.

तू लिहिलंयस की जो ढग ओढून नेतो त्याची एक आठवण पुसली जाते. कादंबरीतली खरी कमतरता ही आहे, लिहून ठेव. माझी एकही पुसली गेली नाही. घाटातलं प्रत्येक वळण मला आठवतं. प्रत्येक वळणावर वाटत होतं की गाडी मागं फिरवावी, आणि अकरा माणसांसमोर ते तोंडातून निघालं नाही.

शिफारस लिहून झाली आहे. नातं आहे म्हणून गोड लिहिलेली नाही. मधली चाळीस पानं अजून ढिली आहेत, कुत्रा उगाचच मरतो. पण यंदा छापायचं तर हेच, असं लिहिलं आहे, आणि ते माझं प्रामाणिक मत आहे. अडलोय तो तळाच्या ओळीवर. ‘नातं नाही’ लिहिलं तर तुझं पुस्तक निघतं. ‘धाकट्या भावाची बायको’ लिहिलं तर माझं मत बाद आणि मास्तर जिंकतात. ‘नाही’ लिहिणं सोपं जायला हवं होतं, तेच तर मी सगळ्यांसमोर बोललो होतो. पण दोन दिवस कागद समोर ठेवून बसलो, हात वळत नाही. बरं, दुसरं लिहावं, तर पुन्हा मीच ठरवलं की तुझं काय कुठं न्यायचं. एकदा ठरवलं तेवढं पुरे झालं.

म्हणून दोन कागद केलेत. वरचा मजकूर एकच, तळाची ओळ वेगळी, दोन्हींवर माझी सही. तुला हवा तो झामिराला दे, उरलेला चुलीत घाल. तुझं आडनाव माहेरचं आहे, कुणाला पत्ता लागणार नाही, आणि पहिला दिलास तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. त्यासाठी मला काही लिहू नकोस, समजावू नकोस. मी थकलोय, पण एवढं समजण्याइतका शुद्धीवर आहे. या वेळी ढग तुझ्याकडे आहे.

ताशबोलोत

•

काराकोल, ४ मे

अनारकुल,

झामिराचा फोन आला होता. अजून कानात आवाज घुमतोय.

“ताशबोलोत आके, हे काय होऊन बसलं? पुस्तक हातात आलेलं होतं! बाई स्वतः आल्या कागद घेऊन. मी म्हटलं, अहो, तळाला काय लिहिलंय ते वाचलंत का, तुमचं पुस्तक बाद होईल यानं. तर म्हणतात, वाचलंय. मी म्हटलं, पुन्हा वाचा. तर पुन्हा वाचलं. मोठ्यानं! आणि हसताहेत! आके, तुमच्या घरात सगळे असेच का?”

मी म्हटलं, हो, आमच्या घरात सगळे असेच. हे वाक्य बोलून खूप वर्षं झाली होती.

मास्तरांची कादंबरी छापखान्यात गेली. मला वाईट वाटतंय, आणि ते लपवणार नाही. तुझं पुस्तक तिच्यापेक्षा चांगलं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पाठव, कुत्र्याला जगव, आणि त्या दोन शब्दांबद्दल कुणी वाचक कुरकुरला तर त्याला काहीही सांगू नकोस. कुरकुरू दे. कमतरता म्हणून लिहील, आमच्यासारख्या लोकांना दुसरं येतं काय.

तुझी चिठ्ठी फोनच्या दुसऱ्या दिवशी मिळाली. ‘कठीण आके’, कठीण दादा, असं वर लिहिलंयस. सायरानं ते वाचलं आणि म्हणाली, इतक्या वर्षांत कुणी तुमचं नाव इतकं बरोबर ठेवलं नव्हतं. पुढं तू लिहिलंयस: ‘पुस्तकाला वाट बघता येते. बेगाय सतरा वर्षांची झाली, तिला बापाचं गाव बघायचंय. जूनमध्ये येऊ का?’

येऊ का, म्हणून विचारतेस! मी चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरातच उभा राहिलो, तर सायरा म्हणाली, “रडायचं तर बाहेर जाऊन रडा, इथं मी पीठ मळतेय.” मग तीच पिठाच्या हातानं डोळे पुसायला लागली. मीरिम दोघांकडे बघून घाबरली. तिला वाटलं, ती पुन्हा काहीतरी बोलून गेली.

जूनमध्ये या. मुलीला जाड कोट घेऊन यायला सांग, वर संध्याकाळी गारठा असतो. बसनं येऊ नका. घाटाच्या अलीकडे मी गाडी घेऊन उभा राहीन, आणि या वेळी तुम्ही म्हणाल तिथं गाडी थांबेल.

त्याची कबर टेकडीवर आहे, वडिलांच्या डाव्या अंगाला. तिथून सरोवर दिसतं. वर मी दगड बसवलाय, करडा, खांद्याएवढा उंच. त्यावर त्याचं नाव कोरलंय, आणि खाली नुसतं ‘भावाकडून’. तेवढंच लिहायला सांगितलं होतं मी. आता कोरणाऱ्याला बोलावलं आहे. खाली जागा आहे, तुझं नि बेगायचं नाव तुम्ही यायच्या आत लागेल.

एकच आहे. तिथं उभी राहशील तेव्हा समोर जे आहे त्याला काय म्हणायचं आणि त्याच्यावर काय लिहिलंय, हे दोन्ही तुला बोलता येणार नाही. नको बोलूस. तू नुसता हात ठेव. मोठ्यानं मी वाचीन.

कठीण आके